पिशवीचा दुसरा बंद

बाळकुमला कधी आलात आणि बाजारातून परतताना तुमच्या पिशवीचा एक बंद कुणी न विचारता हातात धरला, तर ओरडू नका. मी ओरडले होते. नुसती ओरडले नाही, पिशवीतून वर डोकावणाऱ्या शेवग्याच्या शेंगा उपसल्या आणि त्या माणसाच्या मनगटावर हाणल्या. शेंगा मोडल्या. माणूस हलला नाही आणि बंदही सोडला नाही.

“मारून झाला काय गो, ताय?” तो म्हणाला. “चल मंग. जाल्याला दोन टोकं असतात.”

हे आमचे धाकूभाऊ. बी विंगमध्ये ते पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. बाळकुमचे मूळचे कोळी. इथे टॉवर उगवायच्या आधी जे गाव होतं, त्या गावात त्यांचं घर होतं. घर गेलं, त्याच्या बदली हा फ्लॅट आला. त्यांच्या गॅलरीतून दोन टॉवरच्या फटीत खाडीची एक चिंधी दिसते. त्या चिंधीकडे तोंड करून ते खुर्ची मांडतात आणि “भरती लागली”, “ओहोटी लागली” असं सगळ्या बिल्डिंगला ओरडून कळवतात. आम्हाला भरती-ओहोटीचं काय करायचंय? नळाला पाणी कधी येणार ते कळलं तरी पुष्कळ झालं. त्यांच्या बोलीत ‘तुम्ही’ हा शब्दच नाही. सेक्रेटरीला तू, डॉक्टरला तू, आमदार मतं मागायला आला तर त्यालाही, “तू बस.”

मी दमलेली बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते. गुडघे दमलेत, जिना दमवतो, लिफ्ट आमच्यापेक्षा जास्त दमलेली, ती आठवड्यातून दोनदा मधेच बसते. कळव्याच्या चाळीत उभा जन्म काढला आणि नवरा गेल्यावर इथे आले. शाळा माझी चौथीतच सुटली. पुढचं जे काही वाचायला शिकले ते वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून. एवढं सगळं दमलं, पण तोंड काही दमलं नाही. रस्त्याने चालताना मी बोलत असते. हा इथे खड्डा खणून ठेवलाय, हा पाइप आडवा टाकलाय, हा रिक्षावाला बघा अंगावर आला, त्या बाईने साल कुठे टाकलं बघा. माझी मुलगी सुषमा दिवा स्टेशनजवळ राहते, ती म्हणते, “आई, तू रस्त्याने चालतेस की रस्त्याची तक्रार करत जातेस?” माझा नवरा तर दहा पावलं पुढे चालायचा, ऐकू येऊ नये म्हणून.

तर ते जाळं. खाडीच्या कमरेएवढ्या पाण्यात दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं एक जाळं असतं म्हणे. एकाने धरलं तर ते जाळं राहत नाही, नुसतं भिजलेलं फडकं. धाकूभाऊंनी एक टोक धरायचं आणि त्यांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, दुसरं. फॅक्टरीत कामाला लागले तरी सुट्टीच्या दिवशी दोघं चिखलात उतरायचीच. मग फॅक्टरी बंद पडली, गाव गेलं, शेवटी द्वारकाबाईही गेल्या. धाकूभाऊंच्या हातात एक टोक राहिलं. तेव्हापासून जगातली जी जी वस्तू दोन टोकांची आहे ती त्यांना अर्धी आपली वाटते. नवीन लग्न झालेली मुलगी गच्चीवर एकटीच चादर झटकून घडी घालायला लागली, की हे खालून ओरडणार, “थांब, थांब, दुसरा टोक मी धरतो!” आणि जिना चढून धापा टाकत वर येणार. तोवर तिची घडी घालून झालेली. ते ती मोडायला लावणार.

“एकट्याचा काय नाय गो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जगात एकट्याने काही चालत नाही, प्रत्येकाचा कुणीतरी जोडीदार असतो, हे त्यांनी खाडीत पाहिलेलं आणि आता टीव्हीवरच्या प्राण्यांच्या कार्यक्रमात पुन्हा ऐकलेलं. टीव्ही ते इतक्या मोठ्याने लावतात की सिंह त्यांच्या घरी डरकाळतो आणि माझ्या कपाटातली भांडी वाजतात. चिंबोरीने, म्हणजे खेकड्याने, खणलेल्या बिळात निवटी मासा आसऱ्याला जातो. खाडीकाठच्या तिवराच्या झाडाची मुळं चिखल धरतात आणि चिखल तिवर धरतो. हे सगळं ऐकायला बरं वाटतं. त्रास तेव्हा होतो, जेव्हा ते या गोष्टींमध्ये बिल्डिंगची माणसं बसवायला लागतात.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी सावंतबाई. अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून. पण पावसाळ्यात धाकूभाऊंच्या घरात गळत होतं तेव्हा त्याच बाईंनी प्लंबरच्या मागे लागून लागून काम करून घेतलं. त्याचे आभार मानायला धाकूभाऊ भर मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, “सावंतबाय आपली म्हैस हाय. आनि आमी सगले बगले.”

सावंतबाईंनी हातातलं रजिस्टर मिटलं.

“आरे, म्हैस चालते तवा गवतातला किडा उडतो,” धाकूभाऊ समजावू लागले. “तो बगला खातो. म्हैस नसली तर बगला उपाशी! केवढी मोठी म्हैस, तेवढे बगले जास्त!”

सावंतबाई उठून गेल्या. गणपती आले, गेले, नवरात्र झालं, तरी त्या धाकूभाऊंशी बोलल्या नाहीत. धाकूभाऊंना शेवटपर्यंत कळलं नाही की चुकलं कुठे. मला विचारत होते, “बगल्याला बगला बोललेला सगल्यांना चालला. म्हशीला काय वाईट हाय? म्हैस तर दूध पन देते.”

मग मुंग्यांचं प्रकरण. गेटजवळच्या जास्वंदीवर पांढरी कीड पडली, कापसासारखी. माळी फवारायला आला तर धाकूभाऊ झाडाला पाठ लावून उभे. म्हणे, हा मुंग्यांचा तबेला आहे. मुंग्या त्या किडीची राखण करतात, किडीच्या अंगातून गोड रस पाझरतो तो पितात. “म्हशी हायत त्यांच्या. कोनाचा तबेला मोडाचा नाय.” माळी गेला. मुंग्या खूश, कीड खूश. जास्वंद महिन्याभरात वाळून काठी झाली. धाकूभाऊ त्या काठीपाशी बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, “ताय, दोघांनी मिलून केला, पन झाडाला कोनी इचारला नाय. ही चूक झाली बग.” पुढे ते कितीतरी दिवस त्या काठीला पाणी घालत होते.

अशा माणसाबरोबर मी रोज सकाळी बाजारात जाऊ लागले. कशी, ते सांगता येत नाही. गेटपाशी उभे असायचे. मी आले की हात पुढे यायचा आणि बंद पकडायचा. लोकांनी पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसून घेतलं. दोन म्हातारी आणि मधे पिशवी. सुषमाला कुणीतरी दिव्यापर्यंत कळवलं. तिचा फोन आला, “आई, लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “लोकांना म्हणावं, एकाने बटाटे उचला, मग बोला.” खरं म्हणजे पिशवीचं ओझं अर्धं झालं की गुडघाही अर्धाच दुखतो. एवढाच माझा स्वार्थ.

एका गोष्टीचा मात्र राग यायचा. चालता चालता मधेच थांबून म्हणायचे, “बोर्ड वाच, ताय.” मला वाटायचं, माझी चौथी काढतात. मीही मग इरेला पडून वाचायची. ‘येथे गाडी लावू नये, हवा सोडण्यात येईल.’ ‘न्यू फॅशन टेलर्स, फॉल-पिको करून मिळेल.’ ‘दुकान हलवले आहे, मागच्या गल्लीत या.’ नाक्यावर आलो की, “शिग्नल लाल हाय का हिरवा? बघू तुजे डोले कसे हायत.” बस आली की, “नंबर सांग बघू.” जशी काही मी बालवाडीत. पण खोटं कशाला बोलू, त्या नादाने मला जोडाक्षरं सपासप वाचता येऊ लागली. घरी येऊन मी पेपर वाचायला घेतला तर माझा मलाच अचंबा. मग तो पेपरही मी धाकूभाऊंना मोठ्याने वाचून दाखवू लागले. मला वाटायचं, माझी परीक्षाच चाललीय.

एकदा बाजारातून येताना त्यांनी टीव्हीवरची नवीन गोष्ट सांगितली. “लांबच्या समिंदरात एक कोलंबी असते. दिवसभर बील खनते, रेती बाहेर टाकते. मेहनती. पन तिला दिसत नाय, जवल जवल आंधलीच. मंग तिच्या बिलाच्या तोंडाशी एक बारका मासा बसतो, राखनदार. कोलंबी बाहेर आली का मिशीचा टोक माशाच्या अंगाव ठेवते. वैरी आला का मासा शेपूट हलवतो. ही आत. मागून तो पन आत. घर एकच, दोघांचा.”

“मग यातली कोलंबी कोण म्हणायची आपल्या बिल्डिंगमध्ये?” मी विचारलं. सावंतबाईंच्या वेळेसारखं काहीतरी येणार, म्हणून मी हसायच्या तयारीत.

“कोन नाय,” ते म्हणाले. “ती लांबच्या समिंदरात असते. आपल्या खाडीत नाय.”

आणि बंद या हातातून त्या हातात घेतला.

नंतर पावसाळ्यात मला ताप आला. दोन दिवस पडून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी कशीबशी गॅलरीत आले, कपडे वाळत होते ते बघायला. खाली गेटपाशी धाकूभाऊ उभे. धुतलेला शर्ट, केस चापून बसवलेले आणि उजवा हात जरा पुढे, बोटं अर्धी मिटलेली, बंद धरायला. शाळेत जाणारी मुलं गेली, कामाला निघालेली माणसं गेली. कुणाची बॅग पाठीवर, कुणाची खांद्यावर. सगळ्यांच्या कानात फोनच्या वायरी, कुणी शब्द बोलत नाही. पाऊल वाजलं की हात थोडा उचलला जायचा आणि पाऊल पुढे गेलं की खाली यायचा.

मी वरून हात हलवला. त्यांनी बघितलं नाही. मी पुन्हा हलवला. सरळ माझ्याकडे तोंड होतं त्यांचं. शेवटी हाक मारली, “धाकूभाऊ!” तर त्यांनी तोंडभर हसून हात वर केला, आणि तो हात केला ए विंगच्या पाण्याच्या पाइपला.

“आलीस काय गो?” पाइपला म्हणाले.

मी तिथेच खुर्चीत बसले. मग एकेक आठवायला लागलं. बोर्ड वाच. शिग्नल सांग. मासळीबाजारात पापलेट हातात घेऊन दाबायचे, हुंगायचे, पण बघायचे नाहीत, मला वाटायचं ही कोळ्यांची तऱ्हा. आणि ती खाडीची चिंधी. भरती त्यांना दिसत नव्हतीच. तिचा वास येत होता.

अंगावर शाल घेऊन मी खाली उतरले. त्यांना गेटजवळच्या बाकावर बसवलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

ते समजले. म्हणाले, “मोतीबिंदू काढला तवा डॉक्टर बोलला, नस सुकली. मधी जरासा धूर दिसतो, बाजूचा सगला गेला. थेंब टाकतो. हाय तेवढा राहील बोलला, गेला तो नाय येत.”

“आणि हेमंत?”

हेमंत त्यांचा मुलगा. शीळफाट्याला एका उंच टॉवरमध्ये राहतो, दोन-तीन रविवारांतून एकदा येतो.

“त्याला सांगू नको, ताय. पोर चांगला हाय माजा, म्हनून तर भ्या वाटते. वाईट असता तर ठेवला असता इथंच. हा मना नेईल. वर, आभालात. तिथं ना खाडीचा वास, ना कोन वलखीचा. इथं मी वासाव चालतो. बेकरी आली का डावीकडं वलाचा. मच्छी आली का नाका. तिथं कशाच्या वासाव चालू? लिफ्टच्या?”

“पण बिल्डिंगमध्ये एवढी माणसं. माझीच पिशवी का धरलीत?”

“तू बोलतेस ना,” ते म्हणाले. “बाकीचे गपचूप चालतात. तू खड्डा आला का खड्ड्याला शिव्या देतेस, मना खड्डा कलतो. रिक्षा आली का रिक्षाला देतेस. पहिल्या दिवशी तू शेंगा मारल्यास आनि गेटपर्यंत बडबडत आलीस. मना गेटपर्यंतचा सगला रस्ता दिसला बग. लई वर्षांनी दिसला.”

आता काय सांगू तुम्हाला? माझ्या बोलण्याला आयुष्यात पुष्कळ नावं ठेवली गेली. कटकट, भुणभुण, टकळी. त्यातून कुणाला रस्ता दिसला, असं कुणी म्हटलं नव्हतं. मला ताप होता म्हणून असेल, मी बराच वेळ काही बोललेच नाही. धाकूभाऊ घाबरले. “ताय? हायस का गेलीस?”

“आहे हो. जाते कुठे,” मी म्हटलं.

पुढच्या रविवारी हेमंत आला. आम्ही बाजारातून येत होतो, तो गेटपाशीच भेटला. दमलेला दिसत होता पोरगा. शीळफाट्याहून इथवर यायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच जातो. मला नमस्कार केला, बापाच्या पाया पडला आणि खिशातून फोन काढून म्हणाला, “बाबा, परीचा शाळेतला फोटो बघा.”

धाकूभाऊंनी फोन हातात घेतला. जरा उलटाच घेतला. त्यांच्या दुसऱ्या हातात पिशवीचा बंद होता आणि तो त्यांनी दोनदा ओढला, मला माझ्या टोकाला कळलं. कोथिंबीर हलली.

“अगं बाई!” मी म्हटलं. “सरळ तरी धरा, धाकूभाऊ. आणि केवढी झाली परी! लाल फ्रॉक काय, दोन वेण्या काय, आणि हातात तो ढालीएवढा कप कसला गं बाई?”

“लाल फ्रॉक बेस दिसतो पोरीला,” धाकूभाऊ म्हणाले. “आनि कप जिंकला तर! कशात जिंकली रे ती?”

हेमंतने फोन परत घेतला. बापाकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “काकू,” तो हळूच म्हणाला, “खरं सांगा. बाबांना दिसतं का?”

मला खोटं बोलता येत नाही. बोलले तर फार बोलते आणि पकडली जाते. धाकूभाऊंनी बंद घट्ट धरला होता.

“एकट्याला नाही दिसत,” मी म्हटलं. “आम्हा दोघांना मिळून दिसतं. मला एकटीला ओझं उचलत नाही, तेही आम्ही मिळूनच उचलतो.”

धाकूभाऊ मान खाली घालून उभे. जास्वंदीच्या काठीपाशी उभे होते तसे.

“मला वाटलंच होतं,” हेमंत म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा, उलट बसला. “म्हणूनच म्हणतो, बाबा, चला माझ्याकडे. काकू, तुम्ही आहात हे ठीक आहे. पण तुमचंही वय झालं. उद्या तुम्हालाच काही झालं तर?”

गुडघा ठणकत होता, तापाची कसर अजून अंगात होती. सुषमा रोज म्हणते, दिव्याला ये. मी तिला म्हणते, तुमच्याकडे पाणी नाही. पण ते काही कायमचं उत्तर नव्हे. खरंच, मला काही झालं तर?

तेवढ्यात मागून दुधाच्या पिशव्या घेऊन सावंतबाई येत होत्या. कधीपासून ऐकत होत्या, देव जाणे. न थांबता, न हसता, आमच्या मधून वाट काढत म्हणाल्या, “मग म्हैस आहे की बिल्डिंगमध्ये. तिला कोण विचारतंय?”

आणि जिना चढून गेल्या.

हेमंतला काही कळलं नाही. धाकूभाऊंचे खांदे मात्र हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. मग आवाज फुटला आणि ते एवढ्या मोठ्याने हसले की वॉचमन खुर्चीवरून उठला. हेमंत नुसता बघत राहिला. बापाला असं हसताना त्याने द्वारकाबाई गेल्यापासून बघितलं नसावं. जाताना एवढंच म्हणाला, “दिवाळीपर्यंत बघू.” माझ्या फोनमध्ये त्याने स्वतःचा नंबर घालून दिला आणि दोनदा लावून बघितला.

दिवाळी अजून यायची आहे. त्या वेळी काय होईल ते मला सांगता येत नाही. मी काही आशेवर जगणारी बाई नाही, पुढच्या पायरीवर जगणारी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले. फ्रिज उघडला. दुधी होता, भेंडी होती, कालची कोथिंबीर होती. आणायचं काहीच नव्हतं. बाहेर ऊन तापायला लागलेलं आणि लिफ्ट पुन्हा बसलेली. दोन मजले उतरायचे म्हणजे दोन मजले चढायचेही. मी जरा वेळ पलंगावर बसले. मग खिळ्यावरची कापडी पिशवी काढली आणि कठडा धरत धरत उतरले.

ते गेटपाशी होते. हात पुढे आला. मी बंद दिला.

चार पावलं गेल्यावर ते थांबले. पिशवी जराशी वरखाली करून पाहिली. जाताना पिशवी रिकामीच असते, पण तिच्या तळाशी माझी छोटी पर्स असते, छत्री असते. आज काहीच नव्हतं. ओझ्याचं गणित त्यांना माझ्याहून चांगलं कळतं.

“आज काय आनाचा नाय?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

रस्त्यावर वारा होता, रिकामी पिशवी आमच्या दोघांच्या मधे जाळ्यासारखी फुगली. त्यांनी आपल्या हाताला बंदाचा एक वेढा दिला.

“बोर्ड वाच, ताय,” ते म्हणाले.

मी पहिल्या दुकानापासून सुरुवात केली.